'गोजिरा' (१९५४): रबराच्या प्राण्याला वजन कुठून आले?

चित्रपटनिर्मितीचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. १९५४ सालचा जपानी चित्रपट 'गोजिरा' (जगभर 'गॉडझिला' म्हणून ओळखला जाणारा राक्षसी प्राणी) पाहताना पोशाखाच्या आत माणूस आहे हे कळत असूनही तो प्राणी प्रचंड का वाटतो. संगणकावर सर्व काही घडवता येण्याच्या काळात त्या तंत्रातून शिकण्यासारखे काही उरले आहे का. आणि उपलब्ध असलेल्या दोन आवृत्त्यांपैकी कोणती पाहावी. मिनिएचर, म्हणजे इमारती-रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृती, उभारणे आणि त्या चित्रित करणे हेच माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी कामाच्या बाजूने आणि विस्ताराने देणार आहे. इतर दोन प्रश्नांची उत्तरे त्याच ओघात मिळतील.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा प्राणी हुबेहूब नाही आणि त्याला तसे करण्याचा आटापिटाही कोणी केलेला नाही. पण त्याला वजन आहे. पोशाख, प्रतिकृती, कॅमेऱ्याचा वेग, प्रकाश, आवाज, संगीत आणि माणसांचे प्रसंग या सगळ्यांनी मिळून ते एकच वजन पेलले आहे, आणि म्हणूनच एखाद्या शॉटमध्ये रबर उघडे पडले तरी प्रसंग कोसळत नाही.

चित्रपट जन्माला कसा आला हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण तंत्राचे बरेचसे निर्णय त्यातून ठरले. तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियाबरोबरचा सहनिर्मितीचा बेत १९५४ च्या सुरुवातीला फिसकटला आणि त्याच्या जागी दुसरा मोठा चित्रपट घाईने उभा करणे त्यांना आवश्यक झाले. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटन क्षमतेच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवरचे २३ खलाशी किरणोत्सारी राखेखाली सापडले. बाजारातला ट्यूना मासा तपासून फेकून देण्याची वेळ आली. नौकेच्या रेडिओ ऑपरेटरचा २३ सप्टेंबरला मृत्यू झाला, आणि चित्रपट ३ नोव्हेंबरला प्रदर्शित झाला. पहिल्याच दृश्यात डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रातून उठलेला झगझगीत प्रकाश आणि बिनतारी संदेश पाठवता पाठवता बुडणारा ऑपरेटर पाहताना त्या काळच्या जपानी प्रेक्षकाला काय वाटले असेल, याची कल्पना आपण जाणीवपूर्वक केली पाहिजे.

दृश्यपरिणामांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांच्याकडे होती. १९३३ चा 'किंग काँग' त्यांच्या मनात घर करून होता. त्यातला वानर म्हणजे सांधे असलेली बाहुली होती. ती प्रत्येक फ्रेमसाठी किंचित हलवून तिचे चित्रण केलेले होते. त्सुबुरायांना तीच पद्धत हवी होती, परंतु हाताशी असलेल्या माणसांनिशी त्या पद्धतीने चित्रपट पुरा करायला सात वर्षे लागतील, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. हातात काही महिनेच होते. म्हणून पोशाखातला माणूस आला. या निर्णयाला नाइलाज म्हटले जाते. माझ्या मते त्या नाइलाजातून चित्रपटाला त्याची सर्वांत मोठी ताकद मिळाली. फ्रेमगणिक हलवलेल्या बाहुलीवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम पडद्यावर उमटत नाही. तिचे पाऊल जमिनीला टेकते, जमिनीवर आदळत नाही. पोशाखातल्या माणसाचा तोल मात्र खरोखर जातो, त्याचा पाय खरोखर आदळतो, आणि समोरची भिंत खरोखर त्याच्या अंगाच्या धक्क्याने फुटते.

पोशाख बांबू आणि तारेच्या सांगाड्यावर, कापडाच्या आणि लेटेक्सच्या (द्रव रबराच्या) थरांनी बनवला होता. शिल्पकाम तेइझो तोशिमित्सु यांचे. पहिला पोशाख इतका ताठ झाला की आतल्या माणसाला काही पावलांपलीकडे चालता येईना. तेव्हा तो मधोमध कापला आणि त्याचा खालचा भाग केवळ पायांच्या शॉटसाठी वापरला. दुसरा पोशाख थोडा हलका असला तरी सुमारे १०० किलोचा होता. तो घालून हारुओ नाकाजिमा आणि कात्सुमी तेझुका यांनी काम केले, आणि पडद्यावर दिसणारा बहुतेक गोजिरा नाकाजिमांचा आहे. चालण्याचा अभ्यास करण्यासाठी ते उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले पाहत बसत. त्या चालीत पाय उचलण्याआधी सगळा भार दुसऱ्या पायावर जाताना दिसतो, आणि मग धड मागून येते. ही हालचाल आजही कोणत्याही ॲनिमेटरने फ्रेमगणिक थांबवून पाहावी अशी आहे. पोशाखाच्या खडबडीत, गाठीगाठींच्या कातडीविषयीही एक शब्द लिहितो. ती पाहून अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या अंगावरच्या भाजल्याच्या व्रणांची आठवण होणे जपानमध्ये अटळ होते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे प्रमाण आणि काळ. कथेत गोजिराची उंची ५० मीटर आहे आणि शहराच्या प्रतिकृती १/२५ प्रमाणात बांधल्या होत्या. म्हणजे पोशाखातला माणूस सुमारे २ मीटरचा. ५० मीटर हा आकडा हवेतून काढलेला नाही. त्या काळी टोकियोत इमारतींच्या उंचीवर ३१ मीटरची कायदेशीर मर्यादा होती, त्यामुळे ५० मीटरचा प्राणी जवळजवळ प्रत्येक छपरावरून पलीकडे पाहू शकत होता. संसदभवनाचा मनोरा मात्र ६५ मीटरहून थोडा उंच आहे. त्याची प्रतिकृती १/२५ प्रमाणात केली असती तर ती गोजिराच्या डोक्यावरून गेली असती. म्हणून ती १/३३ प्रमाणात, जवळजवळ पोशाखाच्याच उंचीची केली गेली. मापाची ही चोरी पाहताना कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण त्या शॉटमध्ये तुलनेसाठी दुसरी ओळखीची इमारत जवळ ठेवलेली नाही. मिनिएचरच्या कामात अचूक माप महत्त्वाचे असते, परंतु डोळा कशाशी तुलना करणार आहे हे त्याहून महत्त्वाचे असते.

परंतु आकार छोटा केला की काळ त्याच प्रमाणात छोटा होत नाही, आणि खरी अडचण इथेच येते. ५० मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून सुटलेला तुकडा सुमारे ०.६४ सेकंदात खाली येतो. म्हणजे प्रतिकृतीतला ढिगारा खऱ्या ढिगाऱ्याच्या पाचपट घाईने कोसळतो, आणि पाहणाऱ्याला गणित येत नसले तरी डोळ्याला ती घाई चटकन कळते. नियम असा की प्रमाण जेवढे, त्याच्या वर्गमुळाएवढा कॅमेऱ्याचा वेग वाढवायचा. २५ चे वर्गमूळ ५. म्हणून सेकंदाला २४ फ्रेमऐवजी १२० फ्रेम घ्यायच्या आणि त्या नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. त्सुबुरायांनी कॅमेरा जलद चालवून विध्वंसाचे शॉट घेतले ते याच कारणासाठी. मात्र सगळे शॉट सारख्या वेगाने घेतलेले नाहीत हे डोळ्यांना कळते. काही इमारती संथ आणि भारदस्तपणे ढासळतात, तर काही खोक्यासारख्या फुटतात.

या नियमाची किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. वेग पाचपट म्हणजे प्रत्येक फ्रेमवर पडणारा प्रकाश एक पंचमांश. त्यातच, मोठ्या वस्तूचा आभास हवा असेल तर जवळचे आणि दूरचे सगळे स्पष्ट दिसले पाहिजे, कारण खऱ्या रस्त्याचे चित्र लांबून घेतले की त्यातले सगळेच स्पष्ट असते. आणि त्यासाठी लेन्सचे छिद्र लहान करावे लागते. ते एफ ४ वरून एफ ११ वर नेले (हा आकडा जितका मोठा, छिद्र तितके लहान) की प्रकाश आणखी आठपट लागतो. दोन्हींचा गुणाकार केला तर नेहमीच्या चित्रणापेक्षा चाळीसपट प्रकाश हवा. त्या काळातल्या फिल्मची संवेदनशीलता आणि त्या दिव्यांची उष्णता लक्षात घ्या, त्याखाली १०० किलोचे रबर अंगावर घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. शिवाय कॅमेरा जलद चालत असताना त्याने प्रत्यक्षात नेहमीपेक्षा जास्त चपळाईने हालचाल केली पाहिजे, तरच पडद्यावर ती चाल योग्य वेगाची दिसेल. पोशाखाच्या ओझ्यामुळे हे पूर्णपणे शक्य नव्हते, आणि त्यामुळे गोजिरा अतिशय संथ झाला. मला ही संथ चाल चित्रपटाच्या हिताचीच वाटते. तो कोणाचा पाठलाग करत नाही, कोणावर रागावून झडप घालत नाही. तो शहरातून चालत जातो आणि शहर त्याच्या वाटेत येते.

ढिगाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत क्वचितच लिहिली जाते. प्रतिकृतीची भिंत कशी फुटते यापेक्षा किती बारीक तुकड्यांत फुटते यावर तिचा आकार ठरतो. १/२५ प्रमाणात ५ सेंटिमीटरचा प्लॅस्टरचा तुकडा म्हणजे सव्वा मीटरचा दगड. असे मोजकेच मोठे तुकडे पडले तर इमारत लगेच खेळण्यातली वाटते. म्हणून भिंती पातळ ओततात, आतून कमकुवत करून ठेवतात आणि बारीक भुकटी भरतात. गिंझा भागात वाको इमारतीचा घड्याळाचा मनोरा पडतो तो शॉट या दृष्टीने पाहा. ११ चे ठोके पडतात, त्या आवाजाने प्राणी वळतो आणि मनोरा खाली येतो. टोकियोच्या रहिवाशाला तो मनोरा रोजच्या ओळखीचा होता, त्यामुळे तो पडताना सगळे प्रमाण आपोआप मनात उभे राहते.

कॅमेऱ्याची उंची हाही तितकाच कळीचा विषय आहे. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा सुमारे १.६ मीटरवर असतो. १/२५ प्रमाणात ते साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त होत नाही. त्या काळातला अवजड कॅमेरा इतक्या खाली आणणे कठीण, म्हणून असा सेट चौथऱ्यावर उचलून बांधावा लागतो. 'गोजिरा'तले सर्वांत प्रभावी शॉट खालून, रस्त्याच्या पातळीवरून किंवा छपरांच्या फटीतून घेतलेले आहेत. जिथे कॅमेरा सगळ्या छपरांच्या वर जाऊन खाली पाहतो, तिथे मला टेबलावरची प्रतिकृती दिसू लागते. याला एक अपवाद आहे: प्रक्षेपण मनोऱ्यावरून वृत्त देणारा निवेदक. तिथे उंचीला कारण आहे, कारण त्या उंचीवर एक माणूस आहे आणि मनोरा कोसळेपर्यंत तो बोलत राहतो.

विजेचे मनोरे वितळतात तो शॉट माझ्या मते त्सुबुरायांच्या कारागिरीचा कळस आहे. ते मनोरे मेणाचे होते आणि गरम हवेच्या झोताने व दिव्यांच्या उष्णतेने खरोखर वितळवले होते. कृष्णधवल चित्रणात पांढरे मेण म्हणजे पांढरे तापलेले लोखंड. रंगीत फिल्मवर हा भ्रम इतक्या सहज झाला नसता. रात्र आणि कृष्णधवल फिल्म या दोन्हींनी जोड लपवले, आकाशाच्या पडद्याच्या कडा लपवल्या आणि तारा लपवल्या. गोजिराच्या तोंडातून निघणाऱ्या किरणांसाठी कधी फिल्मवर चित्रे रेखाटली, तर कधी जवळच्या शॉटमध्ये हाताने हलवायच्या बाहुलीच्या तोंडून वाफेसारखा फवारा सोडला.

जे जमले नाही तेही सांगायला हवे, कारण केवळ कौतुक करून शिकता येत नाही. कथेतल्या ओदो बेटावरच्या टेकडीमागून गोजिरा पहिल्यांदा डोके वर काढतो, ती हातात घालायची बाहुली आहे आणि तिची नजर निर्जीव आहे. अग्निशमन दलाच्या गाड्या उलटतात त्या खेळण्यातल्या आहेत हे लपत नाही. विमानांच्या तारा काही ठिकाणी दिसतात. पाणी आणि आग तर कोणत्याच काळी प्रमाणात छोटी होत नाहीत. थेंबाचा आकार आणि ज्वाळेची जीभ आपल्या नियमाने चालतात, त्यामुळे उपसागरातल्या शॉटमध्ये लाटा उथळ वाटतात. या त्रुटी मान्य करूनही माझे मत बदलत नाही, कारण त्या प्रत्येक ठिकाणी पुढच्याच शॉटमध्ये एखादा माणूस काहीतरी पाहतो आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर आपला विश्वास बसतो.

ते चेहरे दिग्दर्शक इशिरो होंडा यांचे काम. होंडा अनेक वर्षे चीनमध्ये सैनिक म्हणून राहिले होते, आणि १९४६ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. छायालेखक मासाओ तामाई आणि कलादिग्दर्शक सातोरु चुको हे दोघेही दिग्दर्शक मिकिओ नारुसे यांच्या घरगुती, अतिशय संयत चित्रपटांत काम करणारे होते. राक्षसाच्या चित्रपटाला अशी माणसे मिळाली हे मला फार महत्त्वाचे वाटते. खोल्या, व्हरांडे, ओदो बेटावरची कोळ्यांची वस्ती, आगगाडीत किरणोत्सारी ट्यूनाबद्दल आणि नागासाकीतून वाचल्याबद्दल सहज बोलणारी प्रवासी स्त्री, हे सगळे इतक्या साधेपणाने चित्रित झाले आहे की त्याच्या शेजारी ठेवलेली प्रतिकृतीही त्याच जगातली होऊन जाते. बेटाचे बाह्यचित्रण मिए प्रांतात तोबाच्या किनाऱ्यावर झाले. होंडांचे पथक आणि त्सुबुरायांचे पथक वेगवेगळे काम करत असे. आधी रेखाटलेल्या चित्रमालिकेच्या आधारे नजरेची दिशा जुळवली जाई, आणि नटांना रिकाम्या आकाशाकडे पाहावे लागे. ताकाशी शिमुरा यांनी रंगवलेले डॉ. यामाने त्या रिकाम्या जागेकडे शास्त्रज्ञाच्या कुतूहलाने आणि दुःखाने पाहतात. त्याच वर्षी ते 'सेव्हन सामुराई'त सामुराईंचे प्रमुख होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा आवाका कळतो.

होंडांचा दुसरा मोठा निर्णय विध्वंसानंतर थांबण्याचा. टोकियो जळून झाल्यावर कथा लगेच पुढच्या चढाईकडे जात नाही. जखमींनी भरलेले रुग्णालय, मुलाच्या अंगावर धरलेला गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे यंत्र), आईच्या मृतदेहाजवळ रडणारी मुलगी, हे सगळे पुरेसा वेळ घेऊन दाखवले जाते. १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले त्याला तेव्हा दहा वर्षेही झालेली नव्हती. रस्त्याच्या कडेला मुलांना कवटाळून बसलेली स्त्री लवकरच बाबांना भेटू असे त्यांना सांगते, तेव्हा ते बाबा युद्धात गेले हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. आजच्या अनेक विध्वंसपटांत हजारो इमारती पडतात आणि एकही माणूस पडत नाही. दृश्यपरिणाम शिकणाऱ्याने या फरकाचा गांभीर्याने विचार करावा, असे मला मनापासून वाटते. आपण पाडलेल्या भिंतीमागे कोण होते हे पटकथेला ठाऊक नसेल, तर ती भिंत कितीही सुबक पडली तरी हलकीच पडते.

वजनाचा उरलेला अर्धा भाग कानांतून येतो. आकिरा इफुकुबे हे होक्काइदोत वाढलेले, वनशास्त्र शिकलेले संगीतकार. युद्धकाळात लाकडावरच्या प्रयोगांत पुरेशा संरक्षणाविना क्ष-किरणे वापरल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीला गंभीर इजा झाली होती. गोजिराच्या आरोळीसाठी प्राण्यांचे आवाज वापरून पाहिले गेले, पण ते ओळखू येत. शेवटी कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याची तार सैल करून तिच्यावरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला, तो आवाज ध्वनिमुद्रित केला आणि फितीचा वेग बदलून त्याला खोली दिली. चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर नामावली असते, आणि प्राणी दिसण्याच्या कितीतरी आधी केवळ त्याच्या पावलांचे दणके आणि ती आरोळी ऐकू येते. संगीत त्यानंतर सुरू होते. ज्याला आपण गोजिराची धून म्हणून ओळखतो ती या पहिल्या चित्रपटात प्रामुख्याने माणसांच्या प्रतिकाराशी जोडलेली आहे. प्राण्याच्या वाट्याला संथ, खर्जातले, जड स्वर येतात. आणि शेवटाकडे शाळकरी मुलींचे शांतिगीत येते, ज्यामुळे सेरिझावा आपल्या संशोधनाचे कागद जाळण्याचा निर्णय घेतो. आकिहिको हिराता यांनी रंगवलेला हा शास्त्रज्ञ युद्धात एक डोळा गमावून बसलेला आहे, आणि त्याच्या हाती अणुबॉम्बइतकेच भयंकर अस्त्र आहे. प्रतिकृती आणि पोशाख यांनी उभे केलेले वजन शेवटी त्याच्या खांद्यावर येऊन थांबते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे, तरी एक व्यावहारिक सूचना देतो. संगणकावर काम करतानाही वर्गमुळाचा नियम, तुकड्यांचे माप आणि डोळ्याची पातळी या गोष्टी तशाच लागू होतात. प्रचंड प्राणी घाईने हलवला की तो छोटा होतो; कॅमेरा जिथे माणूस उभा राहू शकत नाही तिथे फिरवला की शहर छोटे होते. एखादी लहानशी प्रतिकृती स्वतः बांधून, आजच्या साध्या फोनमधल्या जलदगती चित्रणाने ती पाडून पाहा. १/२५ प्रमाणाला १२० फ्रेम हा वेग बहुतेक फोनमध्ये मिळतोच.

आवृत्तीबद्दल माझ्या मनात संदेह नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत रेमंड बर यांनी केलेले अमेरिकन बातमीदाराचे पात्र नव्याने चित्रित करून मधे बसवले आहे, मूळ प्रसंगांची बरीच काटछाट केली आहे आणि लांबी सुमारे ८० मिनिटांवर आणली आहे. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांविषयीचे बोलणे तिच्यात फार पातळ झाले आहे. तिच्यामुळे हा प्राणी जगभर पोहोचला हे खरे, आणि त्या काळातल्या वितरकांची गरज म्हणून तिचा अभ्यासही करावा. पण तो नंतर. आधी मूळ ९६ मिनिटांची जपानी आवृत्ती, सबटायटल्ससह आणि नीट स्वच्छ केलेल्या प्रतीवरून पाहा. पहिल्या खेपेला खोलीत अंधार आणि आवाज पुरेसा मोठा ठेवा. दुसऱ्या खेपेला टोकियोच्या विध्वंसाचा भाग आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक शॉटला कॅमेरा किती उंचीवर आहे, जवळचे-दूरचे सगळे स्पष्ट आहे का आणि ढिगारा किती वेळात खाली येतो, एवढे तीनच रकाने कागदावर भरत जा.